इंजिन बदलले, मग काय बदलले? पूर्णा-हिंगोली रेल्वेमार्गाचा इतिहास

पूर्णा ते हिंगोली हा रेल्वेमार्ग १९१२ साली सुरू झाला. तेव्हापासून आजवर त्याच्यावर वाफेची, डिझेलची आणि विजेची अशी तीन प्रकारची इंजिने धावली. या मार्गाचा इतिहास सांगायचा तर तो या तीन इंजिनांच्या क्रमाने सांगावा असे कुणालाही सहज वाटेल, कारण रेल्वेचे इतिहास बहुधा याच क्रमाने लिहिले जातात. क्रम खराही आहे. पण त्यातून जो निष्कर्ष आपसूक काढला जातो, की प्रत्येक नव्या इंजिनाबरोबर मार्गाचे आणि त्याच्या काठच्या गावांचे नशीब पालटत गेले, तो मला मान्य नाही. हिंगोलीपुरता तरी पुरावा वेगळे सांगतो. नुसते इंजिन बदलले तेव्हा या भागाच्या पदरात फारसे काही पडले नाही. इंजिनाची रुळांशी, रुळांची पुढच्या जंक्शनशी आणि जंक्शनची बाजारपेठेशी जुळणी झाली तेव्हा फरक पडला. आणि जुळणी मोडली तेव्हा तेच इंजिन, त्याच ताकदीचे, निरुपयोगी ठरले. या लेखात मला एवढाच मुद्दा पुराव्यानिशी मांडायचा आहे.

हा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो रेल्वेच्या लहान प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या कामात. महाराष्ट्रात या छंदाचे ठळक ठिकाण म्हणजे पुण्यात कोथरूडला असलेले जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय, जे १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. अशा प्रतिकृतींचे जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. या प्रमाणात मीटर गेजचा, म्हणजे दोन पट्ट्यांत एक मीटर अंतर असलेला, रूळ साडेअकरा मिलिमीटर रुंद भरतो, म्हणून तो बारा मिलिमीटरच्या तयार रुळावर बसवतात. एवढ्या अरुंद जागेत मोटार बसवायची म्हणजे ती बॉयलरच्या पोटात किंवा भट्टीच्या पेटीतच मावली पाहिजे. जुन्या प्रतिकृतींत उघड्या सांगाड्याची, तीन ध्रुवांची मोटार असे. तिचा चुंबक वर्षानुवर्षांत क्षीण होतो, मग ती तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी धक्के देत चालते. तिच्या जागी आता बंद डब्यातली, पाच ध्रुवांची, बळकट चुंबकाची छोटी मोटार मिळते. जुनी काढायला दोन स्क्रू पुरतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. मोटारीच्या दांड्यावरचा वर्म गिअर चाकाच्या आसावरच्या दातेरी चाकाशी नेमका भिडावा लागतो. तो घट्ट बसला तर मोटार अडते, सैल राहिला तर दात घसरतात आणि झिजतात. नवी मोटार जास्त फेरे घेते, त्यामुळे जुन्या दातांच्या हिशेबावर ठेवली तर मालगाडीचे इंजिन मेलगाडीसारखे पळू लागते. जुन्या मोटारीचा एक ब्रश थेट सांगाड्याला टेकलेला असे आणि वीज सांगाड्यातूनच फिरे; डिजिटल नियंत्रण बसवायचे तर दोन्ही ब्रश सांगाड्यापासून अलग करावे लागतात, नाहीतर पहिल्याच फेरीत सर्किट जळते. म्हणजे मोटार बदलणे हे नाव कामाच्या सर्वांत सोप्या भागाला दिलेले आहे. मोटारीची ताकद रुळापर्यंत पोचते ती मधल्या सांध्यांतून, आणि सांधे जुळवणे हेच काम असते. खऱ्या रेल्वेला हे तत्त्व लागू पडते की नाही, हे हिंगोलीच्या रुळांवर तपासून पाहू.

रेल्वे येण्यापूर्वी हिंगोली हे लहान गाव नव्हते. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज होती, तिची छावणी इथे होती आणि ती १९०३ मध्ये उठली. छावणी गेली तरी कापसाचा बाजार राहिला. हिंगोलीच्या उत्तरेला वऱ्हाड, आणि वऱ्हाडात अकोल्याहून जाणारा ब्रॉडगेजचा मुंबई-नागपूर मार्ग १८६७ पासून वाहता होता. दक्षिणेला निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा मीटर गेजचा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १९०० च्या आगेमागे तयार झाला. हिंगोली या दोहोंच्या मध्ये पडले होते. कापूस मुंबईला जाणार असेल तर उत्तरेचा ब्रॉडगेज मार्ग हीच त्याची स्वाभाविक वाट होती. पण १९१२ मध्ये हिंगोली जोडली गेली ती दक्षिणेला, पूर्ण्याशी, मीटर गेजने. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे, हिंगोली निजामाकडे. रेल्वेही ज्याच्या त्याच्या हद्दीप्रमाणे विचार करत होत्या. सुमारे ८० किलोमीटरचा हा फाटा पूर्ण्याहून निघून वसमतवरून येई आणि हिंगोलीला येऊन संपे. पुढे रूळच नव्हते.

या फाट्यावरून निघालेल्या कापसाच्या गाठीचा प्रवास डोळ्यासमोर आणला की इंजिनाचे स्थान कळते. गाठ हिंगोलीहून आधी दक्षिणेला पूर्ण्यापर्यंत जाई, तिथून परभणी, जालना, औरंगाबाद करत वायव्येला मनमाडपर्यंत. मनमाडला मीटर गेज संपून ब्रॉडगेज सुरू होई, म्हणजे मीटर गेजच्या वाघिणीतली प्रत्येक गाठ हमालांनी उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवायची, मग ती मुंबईला. हिंगोलीच्या इंजिनाची ताकद दुप्पट केली असती तरी या प्रवासातला कोणता टप्पा कमी झाला असता? पूर्ण्यापर्यंतचे काही तास वाचले असते. वळसा तेवढाच राहिला असता, मनमाडच्या फलाटावरचा खोळंबाही तेवढाच. निजाम सरकारने १९३० मध्ये ही रेल्वे ती चालवणाऱ्या कंपनीकडून विकत घेऊन स्वतःच्या ताब्यात आणली, १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत सामील झाली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर हा प्रदेश पुढे तिच्या कारभारात आला. मालक बदलत गेले, हिंगोली स्टेशन मात्र बराच काळ रुळांचे शेवटचे टोकच राहिले.

हे टोक सुटले ते स्वातंत्र्यानंतर. हिंगोलीहून वाशीम, अकोला, अकोट करत सातपुडा ओलांडून खांडव्याला जाणारा मीटर गेजचा दुवा १९६० च्या सुमारास पुरा झाला. मेळघाटातल्या धूळघाटाजवळ या मार्गाने डोंगर चढण्यासाठी स्वतःलाच वळसा घातला आहे. रूळ फिरून आपल्याच रुळावरून वर जातात. या दुव्याने उत्तर भारतातले मीटर गेजचे जाळे आणि दक्षिणेतले जाळे एकमेकांना मिळाले. राजस्थानातून निघालेली गाडी रतलाम, इंदूर, खांडवा, अकोला, हिंगोली करत पूर्ण्याला आणि पुढे हैदराबादेला डबे न बदलता जाऊ लागली. जयपूर आणि काचीगुडा यांना जोडणारी मीनाक्षी एक्स्प्रेस ही या मार्गाची ओळख बनली. हिंगोलीच्या रेल्वे-इतिहासात त्या पहिल्या पन्नास वर्षांतली ही सर्वांत मोठी घटना, आणि ती घडली तेव्हा इंजिन कोणते होते? वाफेचेच. प्रवासी गाड्यांना वायपी आणि मालगाड्यांना वायजी ही मीटर गेजवरची नेहमीची जोडी होती, वायपीची मुख्य चाके साडेचार फूट व्यासाची आणि वायजीची चार फूट. कोळसा तोच, पाण्याचे नळकांडे तेच, फायरमनचे फावडे तेच. शक्तीत काडीचाही बदल नसताना शेवटचे स्टेशन मधले स्टेशन झाले. माझ्या मुद्द्याला याहून सरळ पुरावा सापडणे कठीण.

आता उलट बाजू पाहू, म्हणजे शक्ती बदलली आणि बाकी सगळे तसेच राहिले असा प्रसंग. देशात मीटर गेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७२ मध्ये चित्तरंजनला तयार झाले, पण त्याआधीच, १९६०च्या दशकापासून, वायडीएम-४ हे डिझेल इंजिन मीटर गेजवर येऊ लागले होते. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा हा आराखडा. पुढे ही इंजिने वाराणसीला बनू लागली. चौदाशे अश्वशक्ती, वजन ७२ टन, सहा आस. पूर्णा-अकोला-खांडवा मार्गावरही पुढे हेच इंजिन आले. त्याच्या पोटात डोकावले तर एक गोष्ट लक्षात येते जी फलाटावरून कधीच दिसली नाही. त्याचे डिझेल इंजिन चाके फिरवतच नाही. ते जनित्र फिरवते, जनित्र वीज तयार करते आणि ती वीज प्रत्येक आसाशेजारी टांगलेल्या ट्रॅक्शन मोटारीत जाते. मोटारीत तांब्याच्या वेटोळ्यांचा आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर घासत राहणारे कार्बन ब्रश. मोटारीच्या दांड्यावर लहान पिनियन आणि ते आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. कोथरूडच्या प्रतिकृतीतली बोटाएवढी मोटार आणि माणसाला उचलता न येणारी ही मोटार यांची तत्त्वे एकच आहेत. म्हणजे हिंगोलीच्या रुळांवरची चाके विजेच्या मोटारीने फिरू लागली ती डोक्यावर विजेची तार येण्याच्या कितीतरी आधी. शक्तीच्या क्रमाने इतिहास लिहिणाऱ्याला इथे मोठी क्रांती नोंदवावी लागेल. प्रत्यक्षात हिंगोलीकराच्या अनुभवात काय बदलले? धूर गेला, डोळ्यात कोळशाचे कण जाणे थांबले, पाणी भरायचे थांबे कमी झाले. गाडी हलके रूळ सोसतील तेवढ्याच वेगाने आणि तेवढ्याच ओझ्याने चालत राहिली, आणि ब्रॉडगेजच्या हद्दीवर माल तसाच उतरवावा लागला.

हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या मूर्तिजापूरची गोष्ट याहून बोलकी आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेजची रेल्वे वऱ्हाडात शकुंतला या नावाने घराघरात ठाऊक आहे. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले, १९२३ मध्ये कामाला लागलेले आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ, तीच गाडी ओढत असलेले. त्या दिवशी त्याच्या जागी डिझेल आले. शक्तीचा बदल एवढा स्पष्ट, एवढ्या नेमक्या तारखेचा, क्वचितच सापडतो. पण रूळ जुने, पूल जुने, मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे आणि चालवण्याची जबाबदारी सरकारी रेल्वेकडे, मूर्तिजापूरला ब्रॉडगेजशी अजूनही गेजचा अडथळा. नवे इंजिनही रखडतच चालले आणि पुढे आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी बंद पडली. जुन्या सांगाड्यात नवी मोटार घातली आणि गिअर, चाके, वीज सगळे तसेच ठेवले, तर प्रतिकृती फार दिवस चालत नाही. मोठ्या रेल्वेच्या बाबतीत याचा पुरावा शकुंतलेने दिला, आणि त्यासाठी त्या भागातल्या लोकांनी मोठी किंमत मोजली.

हिंगोलीवरही अशीच वेळ येऊन गेली. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचे धोरण रेल्वेने स्वीकारले आणि त्या दशकात मनमाड-औरंगाबाद-परभणी-पूर्णा हा मार्ग ब्रॉडगेज झाला. मराठवाड्याला मुंबईची थेट गाडी मिळाली, हे मोठेच काम झाले. पण हिंगोलीच्या बाजूने पाहिले तर त्याच घटनेने तिचा एक सांधा निखळला. पूर्ण्याला आता एका बाजूला ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूला मीटर गेज उभे राहिले. पुढे हैदराबादकडचा मार्गही ब्रॉडगेज झाला, आणि ज्या मीटर गेजने राजस्थानपासून हैदराबादपर्यंत अखंड प्रवास दिला होता तो दक्षिणेच्या टोकाला तुटला. मीनाक्षी एक्स्प्रेस काचीगुड्याऐवजी पूर्ण्यालाच संपू लागली. या काळात हिंगोलीचे इंजिन कोणते होते? तेच वायडीएम-४, तीच चौदाशे अश्वशक्ती. इंजिनात काहीच बिघडले नव्हते. पण जंक्शन बदलले आणि १९६० च्या सुमारास मिळालेले मधल्या स्टेशनचे स्थान हिंगोलीने पुन्हा जवळजवळ गमावले. वाफेच्या काळात इंजिन न बदलता भाग्य उघडले होते, डिझेलच्या काळात इंजिन न बदलता ते झाकोळले. दोन्ही वेळा कारण एकच, पूर्ण्याला आणि अकोल्याला होणारी किंवा न होणारी जुळणी.

ती जुळणी २००८ मध्ये झाली. पूर्णा-हिंगोली-अकोला हा सुमारे २०९ किलोमीटरचा मार्ग ब्रॉडगेज होऊन त्या साली वाहतुकीला खुला झाला. १८६७ मध्ये अकोल्याला आलेले ब्रॉडगेज १४१ वर्षांनी हिंगोलीला पोचले. आता अमरावती-तिरुपती, नरखेड-काचीगुडा, नांदेड-श्रीगंगानगर अशा गाड्या हिंगोलीवरून जाऊ लागल्या, आणि २०२४ मध्ये मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. अर्थात हिशेब पूर्ण मांडायचा तर तोटाही नोंदवला पाहिजे. अकोला-खांडवा हा उत्तरेचा टप्पा मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. वन्यजीवांच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला, अकोट-खांडवा भागातली गाडी थांबली आणि धूळघाटाच्या वेटोळ्यावरची वाहतूक बंद पडली. हिंगोलीला मुंबई आणि तिरुपती मिळाले, पण खांडव्याची जवळची वाट गेली. जुळणी म्हणजे निव्वळ फायदा, असे मी म्हणत नाही. फायदा असो वा तोटा, तो सांध्यांपाशी ठरतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ब्रॉडगेज आले म्हणजे इंजिनही बदललेच. वायडीएम-४ ची चौदाशे अश्वशक्ती जाऊन ब्रॉडगेजच्या डिझेल इंजिनाची सव्वीसशे आली, विजेच्या आजच्या तीन-फेज इंजिनाची तर सहा हजारांच्या वर गेली. मग श्रेय शक्तीला का देऊ नये? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर त्याच आकड्यांत आहे. इंजिन गाडी ओढते ते चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर, आणि घर्षण ठरते चाकावर पडणाऱ्या वजनावर. ७२ टनांचे वायडीएम-४ सहा आसांवर उभे, म्हणजे आसामागे १२ टन. ब्रॉडगेजचे डब्ल्यूडीएम-२ हे ११२ टनांहून जड, म्हणजे आसामागे जवळजवळ १९ टन. हिंगोलीच्या जुन्या हलक्या रुळांवर १९ टनांचा आस चालला नसता, आणि १२ टनांच्या आसावर सव्वीसशे अश्वशक्तीची मोटार बसवली असती तर जड गाडी उभ्यावरून हलवताना तिला तो जोर रुळावर उतरवता आला नसता, चाके जागच्या जागी घसरली असती. नव्या शक्तीला उपयोग मिळाला तो नव्या रुळांमुळे.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट. मग गेजलाच श्रेय द्या, जुळणी वगैरे मोठे शब्द कशाला? इथे जगाकडे पाहणे उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत सिशेन ते सल्डान्हा हा लोहखनिजाचा मार्ग १०६७ मिलिमीटरच्या गेजवर आहे, आपल्या मीटर गेजपेक्षा जेमतेम अडीच इंच रुंद. त्याच मार्गावर जगातल्या सर्वांत जड मालगाड्यांपैकी काही चालतात, कारण तिथे रूळ जड घातले, ५० हजार व्होल्टची तार टाकली आणि खाणीपासून बंदरापर्यंत गेजचा एकही अडथळा ठेवला नाही. अरुंद गेज हे काही दुबळेपणाचे नशीब नव्हते. आपले मीटर गेज दुबळे राहिले ते स्वस्तात, हलक्या रुळांवर, आणि प्रत्येक हद्दीवर माल उतरवायला लावून उभारल्यामुळे. आणि रुंद गेज आपोआप भाग्य आणते असेही नाही. १९९०च्या दशकात पूर्ण्याला आलेल्या रुंद गेजने हिंगोलीचे नुकसान केले हे आपण वर पाहिले. म्हणून गेजही अखेर जुळणीचाच एक भाग ठरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. लोको शेडच्या कामगारांसाठी तर इंजिन हेच सर्वस्व होते, त्यांचे काय? वाफेचे इंजिन तयार करायला भट्टी पेटवून तासन्‌तास थांबावे लागे. राख काढणारे, बॉयलर धुणारे, कोळसा भरणारे, पाण्याचे पंप सांभाळणारे, फायरमन, फिटर, खलाशी असा मोठा समुदाय एका शेडभोवती जगत असे, आणि पूर्ण्यासारखे गाव रेल्वेचे गाव म्हणून त्यावरच वाढले. डिझेलने यातली कितीतरी कामे नाहीशी केली. ब्रॉडगेजने उरलेली दुसरीकडे नेली. हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही आणि काढू इच्छितही नाही. प्रवाशाच्या आणि मालाच्या इतिहासात इंजिन दुय्यम असेल, श्रमाच्या इतिहासात ते दुय्यम नाही. मात्र त्यातही एक बाब पाहण्यासारखी आहे. त्या माणसांची कामे बव्हंशी इंजिनाच्या आत नव्हती, भोवती होती: पाणी, कोळसा, राख, दुरुस्ती, हद्दीवरची चढउतार. इंजिन बदलल्याने नाहीशी झाली ती या भोवतालाची वीण. कामगारांच्या बाजूने लिहिलेला इतिहासही म्हणूनच इंजिनाच्या नावापेक्षा या कामांच्या नावांनी लिहायला हवा.

गेल्या काही वर्षांत हिंगोलीवर तार आली आणि तिसरी शक्ती सुरू झाली. तिचे मोल ठरवतानाही हाच निकष लावावा. मुंबईचे उदाहरण इथे शिकवण देणारे आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेची पहिली गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशाने २५ हजार व्होल्ट एसी स्वीकारले, आणि मुंबईच्या वेशीवर दोन विजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोन्हींवर चालणारी खास इंजिने बनवावी लागली, आणि मुंबईतली डीसी पूर्णपणे जायला २०१६ उजाडले. उत्तम विजेचे इंजिनही वीज जुळली नाही तर वेशीवर थांबते. याउलट जुन्या इंजिनात नवी शक्ती घालण्याचा प्रयोग वाराणसीच्या कारखान्याने २०१८ मध्ये करून दाखवला. दोन डिझेल इंजिनांचे रूपांतर विजेच्या दहा हजार अश्वशक्तीच्या जोडीत झाले. तांत्रिकदृष्ट्या ते कौतुकाचे होते, पण ती वाट पुढे मोठ्या प्रमाणावर धरली गेली नाही, नवी विजेची इंजिने बांधण्याचाच मार्ग चालू राहिला. हिंगोलीला तारेचा खरा फायदा वेगळा आहे. अकोल्याचा मुख्य मार्ग आधीच विजेचा होता, मनमाड-पूर्णा मार्गावरही तार आली, त्यामुळे आता दोन्ही टोकांना इंजिन न बदलता गाडी हिंगोलीवरून जाऊ शकते. तारेने इथे शक्ती आणली त्याहून जास्त, दोन टोकांचा मेळ घातला.

मग आज हिंगोली जिल्ह्याने रेल्वेकडे काय मागावे, याचे उत्तरही इतिहासच देतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा आता हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कापसाच्या गाठीचे जे झाले ते हळदीच्या पोत्याचे होऊ द्यायचे नसेल तर स्टेशनात कोणते इंजिन उभे राहते हा प्रश्न मागे ठेवला पाहिजे. बाजार समितीपासून मालधक्क्यापर्यंतचा रस्ता, मालधक्क्यावरची सोय, एकेरीच बांधलेल्या मार्गावर गाड्यांना मिळणारी जागा, पूर्ण्याला आणि अकोल्याला जोडगाड्यांच्या वेळा, या सगळ्या बाबी कंटाळवाण्या वाटतात आणि उद्‌घाटनाच्या फलकावर कधी येत नाहीत. पण १९१२ पासूनचा प्रत्येक चढउतार यांच्यापाशीच ठरलेला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही यातून एक काम निघते. आपण वाफेचे एखादे इंजिन रंगवून स्टेशनाबाहेर उभे करतो आणि वारसा जपला असे मानतो. त्या इंजिनाला पाणी देणारी विहीर, पूर्ण्याच्या शेडमधली कामाची वाटणी, हद्दीवर माल बदलण्याची पद्धत, कार्यकारी वेळापत्रके, खांडव्याच्या दुव्याचे नकाशे हे सारे मात्र रद्दीत जाते. प्रतिकृती बनवणारे या बाबतीत इतिहासकारांच्या पुढे आहेत, कारण सांधे समजले नाहीत तर त्यांची गाडी हलतच नाही. पूर्णा-हिंगोली मार्गाची प्रतिकृती कुणी बांधायची ठरवलीच, तर त्याने वायपी इंजिनाइतकीच मेहनत पाण्याच्या टाकीवर आणि पूर्ण्याच्या यार्डावर घ्यावी. आणि या मार्गाचा इतिहास कुणी लिहायचा ठरवला, तर त्याने प्रकरणांची नावे वाफ, डिझेल, वीज अशी न ठेवता १९१२ चे टोक, १९६० चा दुवा, नव्वदीतला तुटलेला सांधा आणि २००८ ची जुळणी अशी ठेवावीत. हिंगोलीच्या माणसाला गाडीने कुठे पोचवले आणि कुठे अडवले, हे त्याच क्रमाने नीट समजते.